धाक गेला, आता वर्ग कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपासून शिकवणारे एक तरुण शिक्षक लिहितात : "सातवीचा वर्ग, पट ५४. चार-पाच मुलं तास चालू देत नाहीत. परवा एकाला पुस्तक काढायला सांगितलं तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'हात लावून दाखवा, कायदा माहीत आहे मला.' वर्ग हसला. आमच्या शाळेतले ज्येष्ठ म्हणतात, आमच्या वेळी एक छडी पुरायची. पूर्वीची कडक शिस्त खरंच बरी होती का? आणि ती नसेल तर मी करू काय?"

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि मला १९८८ सालची मी आठवले. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका दोनशिक्षकी शाळेवर मी रुजू झाले, तेव्हा डी.एड. होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पहिल्याच दिवशी मोठ्या गुरुजींनी लिंबाची शिपटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही पोरांना दिसत राहिली पाहिजे." पुढची आठ-नऊ वर्षं ती शिपटी मी वापरली. नुसती दाखवली नाही, तिने मारलं. हे आधीच सांगते, कारण या विषयावर बोलणारे पुष्कळ जण आपण कधी हातच उचलला नाही अशा सुरात बोलतात, आणि वर्गात एकट्या पडलेल्या शिक्षकाला ते ऐकून जास्तच अपराधी वाटतं.

आता 'एक छडी पुरायची' याबद्दल. पुरत असती तर रोज त्याच चार मुलांना का मारावं लागलं असतं? माझ्या वर्गात मार खाणारी नावं जूनमध्ये ठरायची आणि एप्रिलपर्यंत बदलायची नाहीत. वर्षभर रोज देऊनही ज्याचा गुण येत नाही, त्याला औषध कसं म्हणायचं? शांतता मिळायची, हे मात्र खरं. नव्या शिक्षकाला ती शांतताच शिस्त वाटते. पण मी शाळेचं टपाल घेऊन केंद्रशाळेवर गेले की त्याच वर्गात काय चालायचं, ते शेजारच्या गुरुजींना विचारायला हवं होतं. धाक माणसाला चिकटलेला असतो. माणूस दाराबाहेर गेला की धाकही त्याच्या मागोमाग जातो.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ मंडळी सांगत नाहीत, कदाचित त्यांच्या लक्षातही आली नसेल. मार सगळ्यांना सारखा नव्हता. सरपंचाच्या नातवाला मी रागावत असे. पालावरून, वस्तीवरून येणाऱ्या मुलाला मारत असे. असं मी ठरवून केलं नाही. पण ज्याचे आईबाप शाळेत विचारायला येणार नाहीत, त्याच्यावर हात सहज उठतो. माझ्या जुन्या हजेरीपटातली नावं आज डोळ्यांपुढे आणते तेव्हा कोणाला मारलं आणि कोण कुठल्या घरचं होतं, याचा मेळ इतका नेमका लागतो की मला लाज वाटते.

आणि 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो' हे म्हणतं कोण? जे घडले ते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला तेच येतात, तेच स्टेजवरून मारकुट्या गुरुजींच्या आठवणी काढतात आणि गुरुजींच्या पाया पडतात. चौथीतच ज्याने दप्तर टाकलं, तो त्या मांडवात नसतो. त्याला कुणी माइक देत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाबद्दलचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, म्हणजे तीनांतली दोन मुलं. मारानेच माणसं घडत असती तर एव्हाना आपला देश किती घडला असता!

माझ्या हातातली शिपटी सुटली ती कायद्याने नाही आणि कुठल्या प्रशिक्षणानेही नाही. एका मुलाने ती सोडवली.

आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळीच्या आसपास रिकामी होतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली. तेव्हा तसं काही नव्हतं, लेकरं बैलगाडीतूनच जायची. असाच एक मुलगा फडावरून परत येऊन चौथीत बसला होता. शेजारच्याची पाटी लपव, पुढच्याच्या शर्टाला मागून गाठ मार, मध्येच कोंबड्यासारखा आरव. मी त्याला रोज मारत असे. एके दिवशी मी धडा पाळीपाळीने मोठ्याने वाचायला लावला होता. त्याची पाळी यायला तीन मुलं उरली असताना तो जागेवरून उठला, टेबलावरची शिपटी उचलून त्याने माझ्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढे केला. अजून त्याने काहीच केलेलं नव्हतं.

मला समजायला थोडा वेळ लागला. मार खाल्ला की त्याला कोपऱ्यात उभं राहावं लागे, आणि कोपऱ्यात उभं राहिलं की वाचावं लागत नसे. पाच महिने शाळा बुडालेल्या त्या मुलाला वाचता येत नव्हतं. बत्तीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा त्याला दोन छड्या स्वस्त पडत होत्या. ज्याला मी शिक्षा समजत होते, ती त्याची सुटका होती, आणि ती सुटका मीच त्याला रोज देत होते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका प्रसंगात आहे, सर. वर्गातल्या बहुतेक दंग्याच्या मुळाशी समोरच्या कामातून पळवाट काढण्याची धडपड असते. आपण मारून, ओरडून किंवा वर्गाबाहेर काढून ती पळवाट आणखी रुंद करतो.

आता कायद्याचं बोलू, कारण तुमच्या विद्यार्थ्याने तुम्हाला तोच ऐकवला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि मोडणाऱ्यावर सेवाशर्तींप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. मारलं तेवढंच मोजतात अशी आपल्यात पुष्कळांची समजूत आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना वाचा. बाकावर उभं करणं, गुडघे टेकायला लावणं, पायांखालून हात घालून कान धरायला लावणं, म्हणजे आपला कोंबडा, हे सगळं त्यात येतं. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून टोमणे मारणंही येतं.

या कायद्याबद्दल शिक्षकांच्या मनात जो राग साठला, त्याचं एक कारण मला नेहमी वाटतं ते असं. कलम १७ च्या अगदी अलीकडचं कलम १६ आठवीपर्यंत नापास न करण्याचं होतं. दोन्ही एकाच दिवशी लागू झाली. मारायचं नाही आणि नापासही करायचं नाही, म्हणजे आपल्या हातातलं सगळंच काढून घेतलं असं शिक्षकांना वाटलं. 'ढकलपास' हा शब्द तेव्हाच तोंडी रुळला. पुढे २०१९ साली कलम १६ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षेची वाट राज्यांना मोकळी झाली. कलम १७ आहे तिथेच आहे आणि तिथेच राहायला हवं. पण छडी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय करायचं हे शिक्षकांना कुणी बसवून शिकवलं नाही. माझ्या नोकरीत प्रशिक्षणं कितीतरी झाली. 'उलट बोलणाऱ्या मुलासमोर शिक्षकाने पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करावं' या विषयावर एकही झालं नाही. शिवाय याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तुमच्यासमोर ५४ आहेत. कायद्याचा एक भाग तुमच्याकडून काटेकोर पाळून घ्यायचा आणि दुसरा व्यवस्थेने सोडून द्यायचा, हा तुमच्यावरचा अन्याय आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तो लेखी मांडा.

न मारण्याचा विचार बाहेरून आला असंही कुणी तुम्हाला ऐकवेल. ऐकू नका. स्वीडनने घरातल्या मारालाही कायद्याने बंदी केली ती १९७९ साली. इंग्लंडच्या सरकारी शाळांतली छडी तर १९८७ पर्यंत चालू होती. आपल्याकडे गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. मार नको आणि बक्षीसही नको, दोन्हींनी मूल कामापासून दूर जातं, असा त्यांचा आग्रह होता. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे नूतन बाल शिक्षण संघाच्या मार्फत ते मराठी मुलुखात आणलं. डहाणू तालुक्यात बोर्डी आणि मग कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली मुलांसाठी शाळा चालवली. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. मोठी मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. पोरं उनाड आहेत असं म्हणून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी शाळेची जागा बदलून पाहिली. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत होते, तेव्हा मुलांनी पसरून ठेवलेल्या खोल्या ते स्वतः झाडून काढत. हे करायला छडीपेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

आपल्या भाषेत अशा मुलांसाठी केवढे शब्द आहेत पाहा : खोडकर, व्रात्य, हूड, द्वाड, वांड, टारगट, उनाड. माझी आजी हे शब्द कधी अदलाबदल करून वापरत नसे. खोडकराकडे पाहून ती हसायची, वांड पोराच्या आईला बाजूला घेऊन बोलायची. आज शाळेत या सगळ्यांना मिळून एकच वाक्य उरलं आहे : 'मुलं ऐकत नाहीत.' म्हणून पहिलं काम, ती चार-पाच मुलं एकमेकांपासून वेगळी काढा. बसण्याच्या जागा हलवा असं म्हणत नाही. तुमच्या मनात वेगळी काढा.

त्यासाठी एक वही करा. मी १९९७ पासून निवृत्तीपर्यंत ठेवली. त्यात तीन रकाने. पहिल्यात गडबड किती वाजता सुरू झाली. दुसऱ्यात कोणता तास होता आणि त्यातलं नेमकं कोणतं काम : प्रकट वाचन, फळ्यावरचं उतरवून घेणं, तोंडी उत्तरं. तिसऱ्या रकान्यात, गडबड सुरू होण्याच्या आधीच्या दोन मिनिटांत मी काय करत होते. हा तिसरा रकाना लिहायला जड जातो आणि सगळ्यात जास्त तोच शिकवतो. माझ्या पहिल्या पंधरा दिवसांत दिसलं की गडबडीच्या निम्म्याहून जास्त वेळा मी हजेरी लिहीत होते, टपालाला उत्तर लिहीत होते किंवा मुलांना वाटायच्या तांदळाचा हिशेब करत होते. आज ते मोबाइलवर आलं आहे. ग्रुपवर संदेश येतो, 'माहिती बाराच्या आत भरा', तुम्ही मान खाली घालता आणि ५४ मुलांना दहा मिनिटं मोकळी सापडतात. त्या दहा मिनिटांत जे होतं त्याला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. सातवीच्या मुलाने रिकाम्या हातांनी गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून वर्गात पाऊल टाकण्याआधी फळ्यावर काम हवं. दोन उदाहरणं, एक चित्र, एक प्रश्न, काहीही, पण आल्या आल्या पेन हातात घ्यायला लावणारं. हजेरी त्या वेळात उरकते. तासातला निम्मा वेळ तुम्ही फळ्यापाशी नसावं. शेवटच्या बाकांमागून फिरत शिकवा. तुमच्या पावलांचा आवाज मागून येत असेल तर आवाज चढवायची वेळ फार कमी येते. नियम तीनच ठेवा, मुलांबरोबर बसून ठरवा आणि मोडल्यावर काय होईल तेही तेव्हाच ठरवा. मग ते दर वेळी झालं पाहिजे. तुमचं डोकं दुखत असेल त्या दिवशीही तेवढंच, आणि तुम्ही खुशीत असाल त्या दिवशीही तेवढंच. मुलं कडक शिक्षकाला भीत नाहीत इतकी लहरी शिक्षकाला भितात.

मोडल्यावर काय करायचं ते मोडलेल्या गोष्टीला धरून असावं. दुसऱ्याची वही फाडली तर नवी वही आखून, कव्हर घालून द्यायची आणि फाटलेली पानं उतरवून द्यायची. पाणी सांडलं तर फडकं आणायचं. शंभर वेळा काहीतरी लिहायला लावू नका. लिहिणं ही शिक्षा आहे असं एकदा मुलाच्या मनात बसलं की पुढे निबंध कोण लिहिणार? संडास धुवायला लावणं तर कधीच नाही, त्याला आपल्या समाजात जो अर्थ आहे तो मुलांना पक्का ठाऊक असतो. आणि खेळाचा तास काढून घेऊ नका. पुष्कळदा तेवढ्याच एका तासासाठी ते मूल शाळेत येत असतं.

मऊ वागा असं मी सुचवते आहे, असं समजू नका. उरलेल्या ४९ मुलांना शांतपणे शिकायचा हक्क आहे, आणि दंग्याचा जाच सगळ्यात जास्त त्यांच्यातल्या गरीब, अबोल मुलांना होतो. मधल्या काळात काही शाळांत मुलांना काही बोलायचंच नाही असं वारं आलं होतं. तेही मी पाहिलं, आणि त्या वर्गांत दांडगी मुलं राज्य करत होती. 'नाही' म्हणजे नाही, हे मुलाला ठामपणे ऐकू आलंच पाहिजे. फक्त तो ठामपणा हातात किंवा चढलेल्या आवाजात नसतो.

आता तुमचा तो मुलगा. 'कायदा माहीत आहे मला' असं तो म्हणाला तेव्हा वर्ग हसत बघत होता, आणि तुमच्या दोघांपैकी एकाला सर्वांसमोर हरावं लागणार होतं. सातवीतला मुलगा दोस्तांसमोर हरणं पत्करत नाही. पुन्हा असं झालं तर त्याच्या बाकाजवळ जा आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणा, "बरोबर आहे तुझं, कायदा मलाही माहीत आहे. मी हात लावणार नाही. मधल्या सुट्टीत बोलू." आणि लगेच पुढच्या बाकाकडे वळा. तिथेच उभे राहिलात तर त्याला उत्तर द्यावंच लागेल.

मधल्या सुट्टीत बोलताना 'का केलंस?' विचारू नका. त्याला उत्तर नसतं. असलं तरी ते तो तुम्हाला सांगणार नाही. 'काय झालं होतं?' असं विचारलं की मूल गोष्ट सांगायला लागतं. मग पुस्तक काढायला सांगितल्यावरच तो का भडकला, तेवढं शोधा. पुस्तक होतं का त्याच्याजवळ? सातवीतल्या मुलाला सातवीचं पुस्तक वाचता येतच असेल असं धरून चालू नका. दुसरी-तिसरीचं गोष्टीचं पुस्तक एकांतात त्याच्यापुढे ठेवून बघा. वाचता येत नसेल तर वर्गासमोर त्याला वाचायला लावणं आजपासून बंद, आणि रोज पंधरा मिनिटं त्याच्यासाठी. माझ्या त्या चौथीतल्या मुलाला मी पहिलीच्या लेकरांना अक्षरं गिरवून घ्यायचं काम दिलं. लहानांना शिकवता शिकवता तो स्वतः बाराखडी पक्की करून बसला, आणि कुणासमोर त्याची मान खाली गेली नाही.

डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आरोग्य तपासणीला शाळेत येतं तेव्हा ही नावं आधी पुढे करा. गरज पडली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जागेवर बसताच येत नाही, किंवा बुद्धी तल्लख असूनही अक्षरं उलटसुलट होतात, अशा मुलाला मनाने नाव ठेवू नका. तपासणी तज्ज्ञांकडून होऊ द्या. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्या मुलांना सवलती मिळतात. आणि मूल घरी मार खात असेल, त्याला कुणी वाईट हेतूने हात लावत असेल, असा संशय आला तर ते एकट्याने निस्तरू नका. मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला फोन करा.

पालकांबद्दल थोडंसं. मी नोकरीला लागले तेव्हा बाप मुलाला दंडाला धरून आणायचे आणि म्हणायचे, "चामडी तुमची, हाडं आमची." आता दहा घरांतली आठ म्हणतात, "आमच्या पोराला कुणी बोललेलं चालणार नाही." या बदलाला नुसते लाड म्हणून मोकळं होता येत नाही. पूर्वी घरात पाच-सहा लेकरं होती, आज एक-दोन आहेत, आणि त्यांच्यावर आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पैसा लावला आहे. शिवाय या पालकांतले पुष्कळ जण स्वतः आपल्यासारख्यांच्या हातचा मार खाल्लेले आहेत, हेही विसरू नका. तुमची पहिली भेट तक्रारीची असेल तर पुढचं सगळं भांडणच होणार. या आठवड्यात त्या पाचही मुलांच्या घरी जा किंवा फोन करा, आणि मुलाबद्दलची एक चांगली गोष्ट सांगून परत या. खरी असेल तीच सांगा. सापडत नसेल तर दोन दिवस शोधा. दंग्याचा विषय तिसऱ्या भेटीत काढा.

एवढ्या सगळ्यातून सोमवारी फक्त दोन गोष्टी सुरू करा : वर्गात जाण्याआधी फळ्यावर काम, आणि वही. पंधरा दिवसांनी वही घेऊन बसा आणि तिसरा रकाना आधी वाचा. त्यानंतर मला पुन्हा लिहा. मुलांची नावं नको. वेळ, तास आणि तुम्ही त्या वेळी काय करत होता, एवढं कळवा, म्हणजे त्या पाच जणांचं एकेक करून पाहू.